गाडीचा रेडिओ फ्यूज खात असेल तर

मागच्या मे महिन्यात माझ्या अल्टोच्या रेडिओने आठवड्यात चार फ्यूज उडवले. तापायचाही इतका की बटणावर बोट टिकेना. ज्याने बसवला तो म्हणे, "भाऊ, 20 अँपिअरचा टाकून द्या न, काही होत नाही." होते न, राजेहो! फ्यूज जळायच्या ऐवजी वायर जळते. रेडिओच्या मागे 10 लिहिलं असेल तर लालच लावायचा, 15 असेल तर निळा. पिवळा 20 चा घरीच ठेवा.

ऊन चढायच्या आधी, सकाळी सहाला बसा. बॅटरीची मायनस सोडवा, रेडिओ बाहेर ओढा, मागचे दोन्ही कनेक्टर काढा आणि मायनस परत जोडा. आता रेडिओ नसतानाही फ्यूज उडाला, तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये. चावी न फिरवता उडाला तर पिवळी वायर बघा, फिरवल्यावर उडाला तर लाल. नाही उडाला, तर फक्त पॉवरचा कनेक्टर लावून रेडिओ चालू करा. आता उडाला तर रेडिओच गेला, दुरुस्तीवाल्याकडे न्या. तरीही शाबूत राहिला, तर घोळ स्पीकरकडे. माझा तिथेच निघाला.

वायरिंगमधला शॉर्ट शोधायला फ्यूज वाया घालवू नका. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असला की भक्कन पेटतो. वायर हलवत जा. जिथे हलवल्यावर विझला, तिथेच दुखणं.

स्पीकरसाठी मल्टीमीटर घ्या. स्पीकरचा कनेक्टर काढलेलाच ठेवून प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. 4 ओहमचा स्पीकर साधारण 3 ते 4 दाखवतो. मला 2 च्या आसपास दिसलं. त्या महाशयांनी मागचे स्पीकर पुढच्याच वायरींना पिळून दिले होते! दोन 4 ओहम असे जोडले की 2 होतात, करंट वाढतो, मग रेडिओ तापणार नाही तर काय?

नंतर मीटर पी-पी वाजणाऱ्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर ठेवून त्याचं एक टोक बॉडीच्या पत्र्याला आणि दुसरं स्पीकरच्या वायरीला लावा. मायनसलासुद्धा. आवाज यायला नको. माझ्याकडे जुडगा हलवला की पी-पी व्हायची. टॉर्च मारून पाहिलं. पिळलेल्या जोडावरच्या काळ्या टेपचा गोंद नागपूरच्या उन्हात पातळ झालेला, टेप उतरलेल्या मोज्यासारखी मागे सरकलेली आणि उघडं तांबं ब्रॅकेटला टेकलेलं. स्पीड ब्रेकरवरच फ्यूज का उडायचा, ते तेव्हा कळलं.

टेपच्या भानगडीत पडू नका. आधी श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) वायरीत ओवा, मग जोड सोल्डर करा आणि स्लीव्ह गरम करून आवळा. आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात मिळते. (मी पहिल्यांदा ओवायलाच विसरलो, जोड परत तोडावा लागला.) मागच्या स्पीकरना त्यांच्या स्वतःच्या जोड्या द्या. बहुतेक रेडिओंना हिरव्या वायरींची एक आणि जांभळ्यांची एक अशा जोड्या मागच्या, पांढऱ्यांची आणि करड्यांची पुढच्या. तरी वरचं स्टिकर वाचा.

तेव्हापासून तोच लाल फ्यूज चालू आहे. जास्तीचे तीन आणले होते, ते ग्लव्ह बॉक्समध्ये खुळखुळतात.