योमन घराण्याचा माग काढताना आधी मृत्युपत्र धरा

इंग्लंडमधल्या योमन, म्हणजे स्वतःची जमीन कसणाऱ्या खात्यापित्या शेतकरी घराण्याची वंशावळ लावताना आजपासून मागे मागे १८३७ पर्यंत जायला फारसं अडत नाही. त्या वर्षाच्या जुलैपासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या लागतात. त्या १५३८ पासूनच्या, पण सगळीकडच्या टिकलेल्या नाहीत, आणि एका गावात तीन-तीन जॉन निघाले की डोकं चालेनासं होतं.

अशा वेळी मृत्युपत्र शोधा. योमनकडे वाटून द्यायला काहीतरी असायचंच, त्यामुळे तो ते बहुधा करून ठेवायचा. त्यात थोरल्याला शेत, धाकट्याला रोख पौंड, लेकीला पिसांची गादी आणि पितळी भांडं, अशी वाटणी नावानिशी सापडते. सोबत मालमत्तेची यादी मिळाली तर गोठ्यातल्या गायी आणि कोठारातला गहूही मोजलेला दिसतो. माझ्या मते एवढं जिवंत दुसरं कुठलंच कागदपत्र नाही.

१८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, म्हणजे खरी म्हणून मान्य केली जात. कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयातली लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, बाकीची बरीचशी त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात.

वाचताना जपा. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो, ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई नसून सावत्र मुलगाही असू शकतो. आणि १७५२ पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारी १७०० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७०१ धरा.