कांद्याच्या मुळात सेल प्लेट कशी बघायची, आणि ती जोडणारी प्रोटीन्स काय करतात

मायटोसिसचं, म्हणजे पेशीविभाजनाचं प्रॅक्टिकल अकरावीपासून बीएस्सीपर्यंत सगळे करतात, पण मेटाफेज-ॲनाफेज हे मधले टप्पे सापडले की आकृती काढायची आणि सुटायचं असंच चालतं. माझं सांगणं एवढंच की त्याच्या पुढे थांबा, टेलोफेजला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, कारण दोन नव्या केंद्रकांच्या मधे भिंत उभी राहते ती तिथे, या भिंतीची सुरुवात म्हणजेच सेल प्लेट, आणि झाडाचं पेशीविभाजन प्राण्यापेक्षा किती वेगळं आहे ते तिथेच डोळ्याने दिसतं. प्राण्याची पेशी बाहेरून आत आवळत जाते, झाडाची मात्र मधूनच भिंत बांधायला घेते आणि कडेकडे सरकत जाते.

आधी कांदा. नाशिकमध्ये राहून कांद्याला काय तोटा, पण कुठलाही उचलू नका. नुकताच काढलेला कांदा झोपेत असतो, लवकर मुळं टाकत नाही, त्यामुळे कांदाचाळीत काही महिने राहिलेला उन्हाळ कांदा घ्या, बुडाशी टणक असलेला. दुसरं म्हणजे लासलगावला बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) कृषक केंद्र आहे, 2002 पासून, तिथे कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबवतात, आणि हे काम विभागणाऱ्या पेशींवर परिणाम करूनच होतं. खायला तो कांदा चांगलाच, पण आपल्याला विभाजनच बघायचंय, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या चाळीतला साधा कांदा सगळ्यात बरा.

बुडखा ब्लेडने अलगद खरवडा, जुनी वाळलेली मुळं काढून टाका, आणि ग्लासच्या तोंडावर असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा किती खाली जातो माहितीये ना, तेव्हा ग्लास स्वयंपाकघरात उबेला ठेवा नाहीतर मुळं हलतच नाहीत. दीड-दोन सेंटीमीटर झाली की सकाळी कापा, टोकाचा साधारण सेंटीमीटरभर भाग, आणि लगेच तीन भाग अल्कोहोल एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये टाका. एक दिवस त्यात, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजला.

स्लाइड करताना मूळ 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 60 अंशाला पाचेक मिनिटं, पाण्याने धुवा, फक्त टोकाचे दोन मिलिमीटर घ्या आणि ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवा. ॲसिड चष्मा-ग्लोव्हज घालून, लॅबमध्येच. आता महत्त्वाचं, क्रोमोसोम मोजायचे असतील (कांद्याचे 16) तर अंगठ्याने जोरात दाबतात, पण आपल्याला सेल प्लेट हवीय, म्हणून हलकंच दाबा, जोर दिला की पेशी एकमेकींपासून सुटतात आणि ती नाजूक रेघ जाते. ॲसिटोकार्मिन क्रोमोसोमला रंगवतं, प्लेटला नाही, त्यामुळे 10एक्सला टेलोफेज शोधा, 40एक्सला या, आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम थोडा बंद करा, उजेड कमी झाला की दोन केंद्रकांच्या बरोबर मधे फिकट आडवी रेघ उठून दिसते. काहींमध्ये ती कडेला पोचलेली नसते, अशा पेशी मुद्दाम शोधा, तिथे भिंत अर्धवट असतानाच पेशी थांबलेली असते.

त्या रेघेत काय चालतं ते आता. गॉल्जी या पेशीतल्या भागाकडून निघालेल्या छोट्या व्हेसिकल, म्हणजे पिशव्या, मायक्रोट्यूब्यूल या बारीक नळ्यांच्या चौकटीवरून (फ्रॅग्मोप्लास्ट) मधोमध येतात आणि एकमेकींत मिसळतात. दोन मेम्ब्रेन, म्हणजे पिशव्यांची पातळ आवरणं, आपोआप मिसळत नाहीत, त्यांना खेचून जवळ आणावं लागतं, आणि ते काम स्नेअर प्रोटीन्स करतात, वेगवेगळ्या स्नेअरचे हेलिक्स (मळसूत्री भाग) दोरीसारखे पीळ घालून घट्ट होतात आणि दोन्ही मेम्ब्रेन चिकटतात. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिसमध्ये या कामाचं खास स्नेअर सापडलं, नोल, त्याच्या जीनचं काम 1996 मध्ये गेर्ड युर्गेन्स यांच्या गटाने छापलं. नोल विभाजनाच्या वेळी बनतं आणि काम झालं की मोडून टाकलं जातं. त्याच्या जोडीला स्नॅप33, व्हॅम्प721 आणि 722 ही दुसरी स्नेअर, आणि क्यूल नावाचं मदतनीस जे नोलला उघडं, कामाला तयार ठेवतं. नोल बिघडलं तर व्हेसिकल येतात, रांगेत लागतात, पण मिसळत नाहीत, भिंती अर्धवट राहतात, एका पेशीत अनेक केंद्रकं साचतात आणि रोप मरतं.

भिंत फसली की काय होतं हे कांद्यात बघायचं असेल तर कॅफीन वापरा. 100 मिलिलिटर पाण्यात 100 मिलिग्रॅम, म्हणजे 0.1 टक्का, त्यात जिवंत मुळं तासभर ठेवायची, मग साध्या पाण्यात काही तास, मग वरच्यासारखी स्लाइड. त्या तासात ज्या पेशी टेलोफेजला होत्या त्यांच्यात भिंत पूर्ण होत नाही, आणि एका पेशीत दोन केंद्रकं दिसतात. थोड्याच असतात, चिकाटीने शोधा, आणि शेजारी बिनकॅफीनच्या मुळाची स्लाइड हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार. शुद्ध कॅफीन पावडर विषारी आहे, चमचाभरही जिवावर बेतू शकतं, सरांनी किंवा मॅडमनी तोलून द्यावं, घरी आणू नका. कॉफी घालून करायच्या भानगडीत पडू नका, त्यात कॅफीन नेमकं किती ते माहीत नसतं आणि बाकीही पन्नास गोष्टी असतात.

जर्नलमध्ये मात्र "कॅफीनमुळे नोल बंद पडलं" असं लिहू नका, बरेच जण तसं लिहितात. कॅफीनमध्ये व्हेसिकल मिसळायला लागतात, प्लेट सुरू होते, पण कॅलोज (प्लेटला आधार देणारी साखरेची साखळी) नीट साचत नाही आणि तयार होत आलेली प्लेट विरघळून जाते. नोल नसेल तर मिसळणंच अडतं. शेवटी दोन्हीकडे दोन केंद्रकांची पेशी, म्हणून निरीक्षणात फक्त "दोन केंद्रकांच्या पेशी दिसल्या, कंट्रोलमध्ये नव्हत्या" एवढं लिहा, किती पेशी मोजल्या तो आकडा टाका, आणि कारणं वेगळ्या परिच्छेदात मांडा.