टायमिंग बेल्ट बदलताय? मग वॉटर पंपही काढाच

लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत नुसता टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा) टाकू नका. टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप एकदम बदला. खरी मेहनत उघडण्यातच जाते. शिवाय पंपाचं सील पुढे गळलं की कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) थेट नव्या बेल्टवर. सील गळलं की कूलंट बाहेर यावं म्हणून पंपाला ठेवलेल्या बारीक भोकाशी कूलंट सुकून खरखरीत थर साचला असेल, तर सील गेलंच समजा.

इंजिन पूर्ण गार हवं. जुना बेल्ट उतरवण्याआधी क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या पुलींवरच्या खुणा जुळवा. नवा चढवून ताण दिला की लगेच स्टार्टर मारायचा नाही. स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने हाताने पूर्ण २ फेरे द्या आणि खुणा पुन्हा बघा. मध्येच कडक अडलं तर जोर नको, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. एखादा दात चुकला तर गाडी बहुधा सुरू होते, पण ओढत नाही. (इथेच लोक उगाच सेन्सर बदलत बसतात.)

कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा. इंजिन तापूनही हीटरमधून गार वारा आला, तर आत हवा अडकलीय.