रेंडरमधली सावली खोटी का वाटते? या चुका टाळा

रेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून संगणकाने काढलेलं चित्र, नकली दिसलं की नवशिके आधी लाइट वाढवतात. एक कमी पडला म्हणून दुसरा, मग तिसरा. शेवटी एकाच खुर्चीच्या तीन दिशांना तीन सावल्या. त्यापेक्षा एक लाइट ठेवून बाकीचे बंद करा आणि सावलीची कडा बघा. निम्मे दोष तिथेच सापडतात.

कडा सगळीकडे सारखीच धारदार असेल, तर लाइटला आकारच दिलेला नाही. उन्हात विजेच्या खांबाची सावली बुडाशी रेखीव असते आणि टोकाकडे धूसर होत जाते, कारण सूर्य हा बिंदू नाही. पृथ्वीवरून तो सुमारे ०.५३ अंशांचा दिसतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सन लाइटचा अँगल तेवढाच ठेवा. पॉइंट लाइटला रेडियस द्या.

आकार देऊनही जमत नसेल, तर मॉडेलचं माप तपासा. सेंटिमीटरचे आकडे मीटर म्हणून आत आले की खोली शंभरपट मोठी होते. अंतर शंभरपट, म्हणजे भिंतीवर पोचणारा प्रकाश दहा हजारपट कमी! मग लोक वॉट वाढवत बसतात. उजेड येतो खरा, पण एवढ्या मोठ्या खोलीत बल्ब टाचणीएवढा ठरतो आणि सावल्या पुन्हा कडक होतात. माप आधी, वॉट नंतर.

सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये, खिडकीला काच लावताच खोलीत अंधार झाला? काचेतून येणारं ऊन तिथे कॉस्टिक्समध्ये (काचेतून वळून पडणाऱ्या प्रकाशात) जमा होतं, आणि त्याचं गणित नीट सोडवायला फार वेळ लागतो. मटेरियलमध्ये लाइट पाथ नोडचं ‘इज शॅडो रे’ (हा किरण सावली तपासणारा आहे का, ते सांगणारं आउटपुट) वापरून सावलीच्या किरणांपुरती काच ट्रान्सपरंट करा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही लबाडीच आहे, पण साध्या तावदानाला खुशाल चालते.

भिंतींना शुद्ध पांढरा, म्हणजे १.० रंग देऊ नका. प्रकाश उसळतच राहतो आणि कोपऱ्यातल्या सावल्या फिक्या पडतात. ०.८ पुष्कळ झाला.

गेम इंजिनचं दुखणं वेगळं. तिथे बहुधा शॅडो मॅप, म्हणजे लाइटच्या जागेवरून टिपलेला अंतरांचा नकाशा असतो. ही युक्ती लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडली. बायस, म्हणजे ती अंतरं ताडताना दिलेली सूट, फार कमी ठेवला की पृष्ठभागावर काळे पट्टे उमटतात, फार वाढवला की सावली पायांपासून सुटते आणि पात्र हवेत तरंगतं. मॅपचं रिझोल्यूशन वाढवा, म्हणजे कमी बायसवर भागतं.

राहिला नॉइज, म्हणजे सायकल्ससारख्या रेंडरमध्ये दिसणारे दाणे. सॅम्पल (दर पिक्सेलमागे तपासलेले किरण) चौपट केले तर तो जेमतेम निम्मा होतो, तेव्हा ठरावीक सॅम्पलनंतर दाणे पुसणारा डिनॉइजर लावून मोकळं व्हा.