हरणाच्या हंगामाआधी: जुन्या लिव्हर रायफलची तयारी

पेनसिल्व्हेनियात रायफलने हरीण मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. जुन्या रायफलच्या नळीचं भोक मोठं करून घ्यायचं असेल, तर दिवस त्या शनिवारपासून उलटे मोजायचे आणि कामाला आदल्या हिवाळ्यातच लागायचं. हे काम जाणणारे कारागीर मोजके, त्यांच्याकडे महिनोन्महिने नंबर लागत नाही.

पहिलं काम कागदांचं. इथे अमेरिकेत आपल्यातले बरेचजण व्हिसावर आहेत. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, पण एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते. पहिल्यांदाच परवाना काढणाऱ्याला आधी शिकार-शिक्षणाचा वर्ग करावा लागतो, तो उन्हाळ्यातच उरकावा. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथले नियम बघा. कॅलिफोर्नियात २०१९च्या जुलैपासून शिकारीत शिशाची गोळी चालतच नाही. (भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषयच संपला, त्यामुळे गावी याबद्दल फारसं बोलू नये. मी बोललो, आईने दोन दिवस अबोला धरला.)

आता रायफल. माझी विंचेस्टर १८९४ आहे, खालचा दांडा (लिव्हर) ओढून काडतूस चढवायची, ३०-३० काडतुसाची. जुन्या प्राइमरच्या (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी) क्षारांनी नळी आतून गंजून खड्डे पडलेले. अशी नळी फेकायची नाही. आतून भोक मोठं करून नव्याने चक्राकार खाचा पाडल्या, की तीच नळी ३८-५५ या जाड गोळीच्या काडतुसाची होते. बाहेरचे शिक्के, माशी (नेम धरायची खूण), रंग सगळं जागच्या जागी राहतं. हाच बदल करण्याचं कारण म्हणजे ३०-३०ची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मुळात ३८-५५चंच तोंड आवळून बनवलेली आहे. बुडाची कडा तीच, त्यामुळे बोल्टला (काडतूस मागून बंद करणारा भाग) हात लावावा लागत नाही. पाठवण्यापूर्वी बोल्ट ढिला तर नाही ना, हे तपासून घ्या. ढिल्या बंदुकीच्या नळीवर पैसे घालू नयेत. खाचांचा पीळ १८ इंचांत एक फेरा, असं लिहूनच द्या. पुंगळ्या बाजारात दोन लांबीच्या मिळतात, सुमारे २.०८ आणि २.१२ इंच, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) कोणत्या लांबीचं हवं तेही आधीच ठरवा.

गोळ्या घरीच शिशाच्या ओतायच्या, पण नळी घरी येईपर्यंत त्यांचा साचा घ्यायचा नाही. मी घेतला होता. गोळी पडली ०.३७५ इंचाची, नळीच्या खाचा निघाल्या ०.३७९च्या. पन्नास यार्डांवर गोळ्या आडव्या होऊन कागद फाडत होत्या आणि नळीत शिशाचा लेप बसला, तो खरवडण्यात दोन रविवार गेले. म्हणून मऊ शिशाचा गोळा रिकाम्या नळीतून ठोकत पलीकडे काढा, मायक्रोमीटरने मोजा, आणि त्याहून एक-दोन हजारांश इंच जाड गोळी देणारा साचा मागवा. गोळीचं नाक चपटंच हवं. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, टोकदार गोळी पुढच्याच्या प्राइमरवर टेकते.

शिसं ओतायचं ते अंगणात, वारा पाठीवर घेऊन. वीस भाग शिसं, एक भाग कथील, एवढं मिश्रण हरणाला पुरतं. गाडीच्या चाकाला तोल साधायला लावतात ती वजनं वितळवत असाल तर जस्ताची वेचून बाजूला काढा. ती शिशाच्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळत नाहीत, वर तरंगतात, आणि भांडं जास्त तापवलंत तर मिसळून सगळा घाणा बिघडवतात. पाण्याचा थेंब भांड्याजवळ येता कामा नये; वाफेने वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. ओतायचे कपडे वेगळे ठेवा आणि चहा हात धुतल्यावरच घ्या.

काडतुसात भरायची बंदुकीची दारू आणि तिचं वजन छापील पुस्तकातून, सर्वांत खालच्या आकड्यापासून. शेजारी काय भरतो त्यावर जाऊ नका. ३७५ विंचेस्टर हे १९७८चं काडतूस या चेंबरमध्ये सहज बसतं, पण त्याचा दाब जुन्या रायफलला सोसणारा नाही. ती डबी घरात आणूच नका. पुंगळीचं तोंड गोळीवर नीट आवळा, नाहीतर मॅगझिनच्या स्प्रिंगने गोळी आत सरकते.

ऑक्टोबरमध्ये शंभर यार्डांवर, जाड कोट घालून, गुडघ्यावर बसून निशाणा लावून बघा. मेजावरचा निशाणा जंगलात फारसा उपयोगी पडत नाही. इतर शिकाऱ्यांना आपण दिसावं म्हणून घालायचा नारिंगी रंग डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच दिसायला हवा.

आणि टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाची नोंद-चिठ्ठी. हरीण हलवण्याआधी तो भरून कानाला बांधावा लागतो. दोरी घ्या, आणि पेनाऐवजी पेन्सिल. नोव्हेंबरच्या थंडीत शाई उतरत नाही.