लेंटिव्हायरसने जीन गप्प करताना: नव्या जेआरएफसाठी चार अनुभवाचे बोल

लॅबमध्ये नुकतेच रुजू झालेले जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) मला हमखास विचारतात, "व्हायरस बनवायला किती दिवस लागतात?" हा व्हायरस म्हणजे लेंटिव्हायरस: एखादं जीन गप्प करणारा आरएनए पेशीत पोचवायचं आमचं वाहन. तो बनवायला आठवडाभर, बस. सोमवारी सेल्स लावायच्या, मंगळवारी ट्रान्सफेक्शन (सेल्समध्ये डीएनए घालणं), गुरुवार-शुक्रवारी वरचा मीडिया, म्हणजे सेल्स वाढतात तो द्रव, गोळा करायचा. पण त्या व्हायरसमुळे सेल्समध्ये जो फरक दिसला तो तुमच्याच जीनमुळे दिसला, हे सिद्ध करण्यात महिनेच्या महिने जातात. पीएचडीचं खरं काम तिथे आहे आणि नवे विद्यार्थी नेमका तोच भाग शेवटासाठी ठेवतात. म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेशीत दुपदरी आरएनए गेला की त्याच्याशी जुळणारा मेसेंजर आरएनए (जीनकडून येणारा प्रथिन बनवायचा निरोप) नष्ट होतो, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सी. एलिगन्स या छोट्याशा कृमीत दाखवलं. २००६ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. मानवी पेशींत मात्र लांब दुपदरी आरएनए घातला तर पेशी तो विषाणूचा हल्ला समजते आणि इंटरफेरॉनची यंत्रणा जागी होते. २००१ मध्ये थॉमस टुश्ल यांच्या गटाने सुमारे २१ न्यूक्लिओटाइडचे तुकडे वापरून ही अडचण ओलांडली. तेच एसआयआरएनए. तीन-चार दिवसांच्या प्रयोगाला ते उत्तम. पण सेल्स विभागत गेल्या की ते विरळ होत जातात, आणि कॉलनी मोजायला तर दोन-दोन आठवडे थांबावं लागतं. तिथे एसएचआरएनए लागतो, म्हणजे केसांच्या पिनेसारखा दुमडलेला आरएनए. या हेअरपिनचा नमुना लेंटिव्हायरसमधून थेट पेशीच्या डीएनएत बसतो आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहतो.

कृती बहुतेक लॅबमध्ये सारखीच असते: पीएलकेओ.१ या प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या गोल तुकड्यात) तुमचा हेअरपिन, सोबत व्हायरसचे भाग बनवणारी पीएसपॅक्स२ आणि पीएमडी२.जी ही दोन प्लाझ्मिड्स, आणि हे सगळं एचईके २९३टी या मानवी सेल्समध्ये. (यातला २९३ हा फ्रँक ग्रॅहम यांच्या प्रयोगाचा क्रमांक आहे. १९७३ सालच्या लायडनमधल्या त्या एका प्रयोगावर आजही जगभरच्या लॅब चालतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.) या सेल्स प्लेटला फार सैल चिकटतात. मीडिया बदलताना पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवा आणि अगदी हळू सोडा. मधोमध धार सोडली तर सगळा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. मीडिया ४८ आणि ७२ तासांनी गोळा करा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि लहान-लहान भाग करून उणे ८० ला ठेवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली की टायटर, म्हणजे काम करणाऱ्या व्हायरसचं प्रमाण, घसरतो.

व्हायरस न लागलेल्या सेल्स मारणाऱ्या प्युरोमायसिन या औषधाचा डोस सीनियरच्या वहीतून उचलू नका. प्रत्येक सेल लाइनची सहनशक्ती वेगळी असते. व्हायरस न दिलेल्या सेल्स ज्या सर्वांत कमी डोसला दोन-तीन दिवसांत पूर्ण मरतात, तो तुमचा डोस. व्हायरसचं प्रमाणही जपून ठरवा. एमओआय (दर सेलमागे व्हायरसकण) ०.३ ठेवला तर जेमतेम २६ टक्के सेल्सना व्हायरस लागतो, पण त्यातल्या साधारण ८६ टक्के सेल्समध्ये एकच प्रत बसते. भरपूर व्हायरस ओतून आलेलं नॉकडाऊन (जीन दाबलं जाणं) ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत, झकास दिसतं. पण मग परिणाम जीनचा की सेल्सवर पडलेल्या ताणाचा, हे सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. एकाच हेअरपिनवर कधीही विसंबू नका. कोणताही हेअरपिन थोडंफार जुळणारे दुसरे मेसेंजर आरएनएही दाबू शकतो. शिवाय पेशीची स्वतःची मायक्रोआरएनए यंत्रणाच (छोट्या आरएनएंनी जीनवर ताबा ठेवणारी) त्याच्यामुळे तुंबू शकते. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क के यांच्या गटाने उंदरांच्या यकृतात एएव्ही या दुसऱ्या व्हायरसमार्फत ४९ वेगवेगळे एसएचआरएनए दिले. त्यातल्या ३६ मुळे यकृताला इजा झाली आणि २३ मुळे उंदीर दगावले. माणसांच्या उपचारापर्यंत पोचलेलं उदाहरण एमईएलके या जीनचं. आरएनएआयच्या (आरएनएने जीन दाबण्याच्या) प्रयोगांवरून ते कर्करोगाच्या पेशींना अत्यावश्यक मानलं गेलं, त्याच्याविरुद्धचं औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं. २०१७ मध्ये जेसन शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने हे जीन काढून टाकलं, तर पेशी पूर्वीसारख्याच वाढत राहिल्या.

म्हणून माझा आग्रह असा: किमान दोन, जमल्यास तीन वेगळ्या जागी बसणारे हेअरपिन घ्या. नॉन-टार्गेटिंग कंट्रोल (कोणत्याही जीनशी न जुळणारा हेअरपिन) त्याच दिवशी, त्याच बॅचमध्ये बनवा. आणि रेस्क्यूची (जीन परत घालून परिणाम उलटवण्याची) तयारी पहिल्या महिन्यातच करा. एक हेअरपिन मुद्दाम ३' यूटीआरवर, म्हणजे मेसेंजर आरएनएच्या प्रथिन न बनवणाऱ्या शेवटच्या भागावर, निवडा. मग यूटीआर नसलेला सीडीएनए (मेसेंजर आरएनएची डीएनए प्रत) परत घातला की तो त्या हेअरपिनच्या तावडीत सापडत नाही. प्रथिन परतलं आणि त्याबरोबर सेल्सही पूर्ववत झाल्या, तर तुमच्या दाव्याला बळ आलं. रिव्ह्यूअर हेच मागतात, आणि तेव्हा क्लोनिंगला बसलात तर सहा महिने हातचे जातात. क्यूपीसीआरवर आरएनए ८० टक्के उतरला म्हणून थांबू नका, वेस्टर्न ब्लॉट करून प्रथिन पाहा. टिकाऊ प्रथिन आरएनए गेल्यावरही कित्येक दिवस पेशीत असतं.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे. हा व्हायरस स्वतःच्या प्रती काढू शकत नाही हे खरं, पण त्याच्यावर व्हीएसव्ही-जी या प्रथिनाचं आवरण आहे आणि ते मानवी पेशींत सहज शिरतं. तुमच्या नळीत पी५३ हे कर्करोग रोखणारं जीन दाबणारा हेअरपिन असेल, तर बोटावरच्या जखमेतून तो तुमच्याही पेशींत बसू शकतो. सुई आणि काचेचे पाश्चर पिपेट हूडमध्ये नकोतच. दुहेरी हातमोजे घाला, द्रव कचऱ्यात ताजं हायपोक्लोराइट टाका. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय प्लाझ्मिडसुद्धा मागवू नका. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा स्वतः वाचा.

सेल्स शेजारच्या लॅबमधून डिशमध्ये आणण्यापेक्षा पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या भांडारातून रीतसर मागवा आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूची तपासणी नियमित करा. सिलेक्शन (प्युरोमायसिनने केलेली निवड) संपताच पहिल्या पॅसेजच्या, म्हणजे नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या पहिल्या फेरीच्या, नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून द्या. जीन पेशीच्या वाढीला गरजेचं असेल, तर नॉकडाऊन कमी झालेल्या सेल्स हळूहळू बाकीच्यांना मागे टाकतात आणि दहाव्या पॅसेजला ब्लॉटवर प्रथिन परत दिसू लागतं. अशा जीनसाठी डॉक्सिसायक्लिन या औषधाने हवं तेव्हा चालू होणारा टेट-पीएलकेओ सुरुवातीलाच घ्या.