बॅले करताना गुडघा दुखतोय? या चुका टाळा

गुडघा दुखायला लागला की बहुतेक जण गुडघ्यालाच पट्टा बांधतात, बर्फ लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बारपाशी, म्हणजे सरावाच्या आडव्या दांड्यापाशी, उभे राहतात. दुखण्याचं मूळ मात्र बऱ्याचदा खुब्यात नाहीतर तळव्यात असतं. मधल्यामध्ये गुडघा भरडला जातो.

बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवतात, त्याला टर्नआऊट म्हणतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जमिनीच्या जोरावर ओढून आणलेला टर्नआऊट. फिफ्थ पोझिशन (बाहेर वळलेली पावलं एकमेकांपुढे, एकीची टाच दुसरीच्या बोटांपाशी) घेताना स्वतःकडे नीट बघा. गुडघे जरासे वाकतात, पावलं हव्या त्या कोनात बसवली जातात, बोटं फरशी घट्ट धरतात आणि मग गुडघे सरळ होतात. दिसायला सुरेख! पण गुडघा वाकलेला असताना नडगी मांडीच्या हाडाखाली बरीच फिरू शकते, सरळ झाल्यावर ती मुभा जवळपास संपते. वाकून मिळवलेला पीळ मग सांध्यातच अडकतो. आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) ताणलं जातं, मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) रगडला जातो, वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. तळव्याची कमान आत कोसळत असेल, तर हेच चाललंय असं समजा.

आपला खरा टर्नआऊट शोधायला पावलं समांतर ठेवा, गुडघे सरळ. चवडे किंचित उचला आणि टाचांवर, खुब्यापासून पाय बाहेर फिरवा. चवडे टेकतील तो तुमचा आजचा कोन. तो 180 अंशांच्या बराच आत निघेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. प्रत्येक खुबा 90 अंश फिरतो असं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. हा कोन राळ लावून वाढवू नका. राळेमुळे पाऊल जागचं हलत नाही, पीळ गुडघ्यावर येतो.

ज्यांचे गुडघे मागे झुकतात त्यांना ‘गुडघा ओढ’ म्हटलं की ते सांधा मागे ढकलून कुलूप लावतात. भार टाचांवर जातो, मांडीचा स्नायू सुटतो. त्यांनी गुडघा ढकलण्याऐवजी मांडी वर खेचावी आणि भार चवड्यावरही ठेवावा. सुरुवातीला गुडघा वाकलेलाच आहे असं वाटेल. आरसा खरं सांगेल.

उड्यांच्या वेळी क्लासच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. थकलेला गुडघा खाली येताना आत पडतो. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहत नसेल, तर त्या दिवशीच्या उड्या तिथंच थांबवा. ग्राँ प्लिए, म्हणजे गुडघे पूर्ण वाकवून खाली जाणं, तेही अंग तापल्यावरच, आणि तळाशी न बसता.

भराभर उंची वाढणाऱ्या मुलामुलींना वाटीखालचा उंचवटा दुखू लागला, तर उड्या लगेच कमी करा. गुडघा सुजला, अडकला किंवा अंगाखालून निसटल्यासारखा वाटला, तर क्लास सोडून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. प्रयोग आठवड्यावर आला असला तरी.